डाव्या सीटपर्यंतची थंडी

"वारा कुणाच्या तोंडावर सोडायचा?"

आमच्या गॅरेजमध्ये एसी बसवायला गाडी आली की हा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक गोंधळून जायचं. आम्ही आधी इंजिनाचं झाकण उघडू, आत डोकावून मान हलवू, डॉक्टरासारखा चेहरा करू, अशी त्याची समजूत असायची. ते सगळं नंतर यायचंच. पण आमचा मालक अंतोन आधी हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळालं की त्या माणसाला गाडीतल्या त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवायचा. मग कानावरचा खडू काढून दाराच्या खांबावर, त्या माणसाच्या हनुवटीच्या उंचीला, एक आडवी रेघ मारायचा. पुढचं सगळं काम त्या रेघेच्या हिशोबाने व्हायचं. किट कुठलं निवडायचं, पेटी कुठे टांगायची, झडपा किती तिरक्या करायच्या, सगळं त्या रेघेवर ठरायचं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा आपल्याकडच्या गाड्या कारखान्यातून एसीशिवायच बाहेर पडायच्या. ज्याला थंडी पाहिजे त्याने किट विकत घ्यायचं आणि आमच्यासारख्या कुणाकडून बसवून घ्यायचं. अंधेरी-कुर्ला रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, पत्र्याखाली दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि मागे आंब्याचं एक झाड. अंतोन गोराईचा. तरुणपणी बोटींवर शीतखोल्यांची मशिनं सांभाळून आलेला, त्यामुळे थंडी या विषयावर त्याच्यापुढे कुणी बोललेलं त्याला खपत नसे. मी कुडाळकडचा परब. घाटकोपरला गाववाल्यांच्या सामाईक खोलीत राहायचो, सकाळी बसने अंधेरीला यायचो. माझी बायको सुशीला गावाला, माझ्या आईजवळ.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लोकांना वाटतं एसी थंडी तयार करतो. थंडी कुणालाच तयार करता येत नाही. एसी आतली गरमी उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, एवढंच. घरात पाणी सांडलं की बाई फडक्याने टिपते आणि मोरीत नेऊन पिळते, तसं. फडकं म्हणजे गॅस. टिपायचं काम डॅशबोर्डखालच्या पेटीत होतं, पिळलेली गरमी गाडीच्या नाकाशी बसवलेल्या जाळीतून बाहेर पडते. आणि पिळणारा हात म्हणजे कॉम्प्रेसर. हा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याला स्वतःची ताकद नसते. म्हणजे जेवढी जास्त थंडी घ्याल, तेवढं इंजिन गाडी ओढायला कमी पडणार. आजच्या गाड्यांत हे कुणाला जाणवत नाही. तेव्हा आमच्याकडची गाडी पवईचा चढ चढायला लागली की ड्रायव्हर निमूटपणे एसी बंद करायचा.

गिऱ्हाईकं एकेक नग असायची. घाटकोपरचे एक कापडवाले शेठ आले. वारा फक्त मागच्या सीटवर पाहिजे, पुढे अजिबात नको, कारण ड्रायव्हरला थंडी लागली की तो झोपतो म्हणे. आम्ही मध्ये काच बसवून दिली. मे महिन्यात शेठ तक्रार घेऊन हजर, मागे थंडीच पडत नाही! बघतो तर ड्रायव्हर बिचारा पुढे उकडतंय म्हणून काच खाली करून गाडी हाकतोय आणि मधल्या काचेच्या फटीतून बाहेरची सगळी हवा मागे शेठजींच्या मांडीवर. अंतोन म्हणाला, "शेठ, यापेक्षा तुम्ही गाडी चालवा आणि ह्याला मागे झोपवा. गाडी तरी थंड राहील." शेठ रागावले नाहीत. हसले आणि मधली काच काढून घेतली.

मुलुंडच्या एका गृहस्थांना तर एसी फक्त एका दिवसापुरता हवा होता. मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि त्यांना स्टेशनवरून काचा बंद असलेल्या गाडीतून घरी न्यायचं होतं. अंतोनने डॅशबोर्डखाली नुसती पेटी आणि पंखा लावला आणि पेटीत बर्फाची लादी फोडून भरली. पाहुणे घरी पोचेपर्यंत झकास गारवा होता. उतरताना मुलाच्या आईची चप्पल पाण्याने भिजली, पण लग्न जमलं.

असल्या गोष्टी सांगताना मला अजून हसू येतं. पण हसून झालं की आठवतो तो साळवेचा ट्रक, आणि मग जीव कुठे लागत नाही.

ट्रकला एसी, ही कल्पनाच त्या काळी कुणी करत नव्हतं. ट्रकवाल्याने केबिनमध्ये साधा पंखा लावला तरी नाक्यावर त्याची टिंगल व्हायची. एका एप्रिलच्या सकाळी आमच्या गल्लीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला गोल नाकाचा निळा ट्रक शिरला. पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले, केबिनला लाकडी तळ. लष्कराने तो लिलावात काढला होता, एका वीटभट्टीवाल्याने घेतला आणि पुढे त्याच्याच ड्रायव्हरने मालकाकडून विकत घेतला. तो ड्रायव्हर म्हणजे यशवंत साळवे. मूळ नगर जिल्ह्यातला, राहायला कांदिवलीला. भिवंडीकडच्या भट्ट्यांवरून विटा आणून बोरिवली-कांदिवलीच्या नव्या इमारतींवर टाकायचा.

"जय भीम," म्हणत तो खाली उतरला. "मिस्त्री, हिला एसी बसंल का?"

अंतोनने ट्रकभोवती एक फेरी मारली. "अरे बाबा, हिला? ही तर माझ्यापेक्षा म्हातारी आहे!"

"म्हातारी हाय, पण ठणठणीत हाय," साळवे म्हणाला. "बसंल का नाही तेवढं सांगा."

"बसवला तर काय पण बसतो. वारा कुणाच्या तोंडावर सोडायचा?"

साळवेने खाली बघत उत्तर दिलं, "माझ्याच की. गाडी मीच चालवतो."

ट्रकवाला एसी मागायला लाजणारच, असं आम्ही धरून चाललो. त्याला स्टिअरिंगमागे बसवलं, उजव्या खांबावर खडूची रेघ मारली आणि किट ठरवायला बसलो.

तेव्हा आमच्यासमोर दोनच तऱ्हा असायच्या. एक किट इथेच जुळवलेलं, छोट्या मोटारगाडीसाठीचं. लहान कॉम्प्रेसर, डॅशबोर्डखाली टांगायची काळी पेटी, पुढे जाळी. इंजिनाला त्याचा त्रास कमी. दुसरं किट परदेशी मोठ्या गाड्या मोडीत निघाल्या की त्यांतून सोडवून आणलेलं. त्याचा कॉम्प्रेसर एकट्याने उचलायचा तर कंबर धरायची. थंडी भरपूर, पण इंजिनाचं रक्त पिणारा. अंतोनचा हिशोब सरळ होता. इंजिन जुनं, मागे विटांचा बोजा, घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ रोजचा, आणि थंडी लागणार ती एकट्या ड्रायव्हरच्या तोंडावर. छोटं किट. मीही हो म्हणालो. आमच्या धंद्यातल्या कुणीही हेच म्हटलं असतं.

काम मात्र छोटं नव्हतं. त्या ट्रकची वीज सहा व्होल्टची आणि किट बारा व्होल्टचं. बॅटरी बदलली, डायनॅमो बदलला, दिव्यांचे बल्ब बदलले. रेडिएटरपुढे जाळी बसवायला जागा नव्हती म्हणून नाकाच्या आतल्या पट्ट्या कापल्या. साळवे रोज दुपारी येऊन आंब्याखाली बसायचा. कधी चहा सांगायचा. बोलायचा फार कमी, आणि बोलला तरी ट्रकबद्दलच. ट्रकला तो 'ही' म्हणायचा.

चाचणी नेहमी भर दुपारी घ्यायची, ऊन डोक्यावर असताना. आम्ही निघालो तेव्हा साळवेने चावी अंतोनच्या हातात दिली. "तुम्ही चालवा," म्हणाला आणि स्वतः डाव्या बाजूला जाऊन बसला. मी मध्ये, गिअरला पाय लागणार नाहीत अशा बेताने अंग चोरून. मरोळच्या बाजूला एक लांब चक्कर मारली. अंतोनच्या कपाळावरचा घाम सुकला, तो खूश होऊन शीळ घालायला लागला. साळवे मात्र डोळे मिटून बसला होता. मध्येच त्याने हात खाली नेऊन पायाखालच्या फळीला लावला. मग गाल खिडकीकडे वळवून थोडा वेळ तसाच राहिला.

"इकडं नाही पोचत," तो म्हणाला.

"इकडे कशाला पोचायला पाहिजे? रेघ तिकडे आहे," अंतोन म्हणाला.

"इकडं फळी तापलीय. सायलेन्सरचा पाईप इकडून जातो. इकडं तर भट्टीच हाय."

"पण इकडे बसतंय कोण रे?"

अंतोनने ट्रक कडेला घेतला आणि पूर्ण वळून त्याच्याकडे बघितलं. बोलायला साळवेला जड जात होतं हे दिसत होतं.

"घरची," तो म्हणाला.

मग थांबत थांबत सगळं बाहेर आलं. साळवेची बायको कौसल्याबाई लग्नापासून त्याच्या शेजारी बसून हिंडलेली. मूलबाळ नाही. भट्टीवर जाताना ती सोबत, माल उतरवताना ती सोबत. भाकरी बांधून घ्यायची आणि वाटेत सावली बघून दोघं जेवायचे. दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण त्यानंतर तिच्या अंगाला घाम यायचा बंद झाला. ऐकायला बरं वाटतं, पण घाम हाच तर माणसाच्या अंगातला एसी. तो बंद पडला की आतली गरमी आतच राहते. दुपारच्या उन्हात ती ट्रकमध्ये दोनदा बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हातला प्रवास बंद. तेव्हापासून ती घरात ओला पंचा अंगावर घेऊन बसायची आणि साळवे एकटा विटा वाहायचा.

"ती बोलायची, मी ऐकायचो," साळवे म्हणाला. "रस्त्यात काय दिसलं की सांगायची. म्हैस दिसली तरी सांगायची. मला काय, मला बी दिसायचीच की म्हैस. पण तिनं सांगितलं की बरं वाटायचं. आता आत नुसतं इंजिन बोलतंय."

"अरे, मग आधी बोलायचं ना यार!" अंतोन ओरडला. तो चिडला नव्हता. हळवा झाला की ओरडायची त्याला सवय होती. "पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणतो माझ्याच तोंडावर!"

"काय बोलू? बायको शेजारी पाहिजे म्हणून एसी लावतो म्हणू? नाक्यावरची पोरं टाळ्या वाजवतील."

अंतोनने कानावरचा खडू काढला आणि डाव्या खांबाकडे बघत विचारलं, "उंची किती तिची?"

साळवे खाली उतरला, ट्रकला वळसा घालून उजवीकडे आला. अंतोन बाजूला झाला. साळवे स्टिअरिंगमागे आपल्या नेहमीच्या जागेवर बसला, पाठ टेकली आणि डावा हात लांब करून रिकाम्या सीटच्या वर, हवेत, एका जागी धरला. क्षणभर विचार केला. हात बोटभर खाली घेतला.

"इथं," तो म्हणाला. "वळून बोलते तेव्हा तिचं तोंड इथं येतं."

अंतोनने त्या हाताच्या रेषेत डाव्या खांबावर रेघ मारली. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. सुशीलाचं तोंड माझ्या शेजारी कुठे येतं हे मला सांगता आलं नसतं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आम्ही एकमेकांशेजारी बसलेले दिवस गणपती आणि शिमग्याचे. तेही घरात माणसं भरलेली, ती चुलीपाशी, मी ओसरीवर. आमच्या घाटकोपरच्या खोलीत सगळ्यांचं हेच होतं, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आज सुशीला नाही. पुढे मुलुंडला जागा झाली, ती मुंबईला आली, आम्ही पुष्कळ वर्षं एकत्र काढली, तरी ते आधीचे उन्हाळे मला परत पाहिजेत. कुणी देणार नाही हे ठाऊक आहे. तरी पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी नव्याने निवड करायला बसलो. छोटं किट चालणार नव्हतं हे उघड होतं. त्याचा सगळा जोर उजव्या रेघेपर्यंत पोचतानाच संपत होता. मोठं किट घेतलं तर थंडी दोन्हीकडे पुरणार होती, पण अंतोनला गायमुखचा चढ दिसत होता. त्याने साळवेला आंब्याखाली बसवून समजावलं.

"हे बघ, मोठा कॉम्प्रेसर घेतला की विटांची भरलेली गाडी एसी चालू ठेवून चढणार नाही. चढावर एसी बंद करायला लागणार."

"चढ केवढा हाय ठाऊक हाय ना? वर जाईस्तोवर ती तापंल. उन्हात तेवढ्यातच बेशुद्ध पडली होती ती."

"मग नको घेऊ. छोटं किट ठेव, तू थंड राहा, गाडी भरून आण."

"मी थंड राहून काय करू?"

"मग काय करायचं ते तूच सांग बाबा!"

साळवेने बोटांवर महिने मोजून दाखवले. विटांचा धंदा उन्हाळ्याचा असतो हे मला तेव्हाच कळलं. पावसात भट्ट्या बंद, हिवाळ्यात काम सुरू होतं न होतं, खरी कमाई मार्च ते मेची. म्हणजे ज्या महिन्यांत तिला थंडी लागणार होती, त्याच महिन्यांत गाडी भरून धावणं भाग होतं. यातून पळवाट नव्हती. अंतोनकडेही नव्हती, नाहीतर त्याने मिशांवर ताव मारून ती कधीच सांगितली असती.

"अर्धी भरली तर चढंल?" साळवेने विचारलं.

"अर्धी? अर्धी आरामात चढेल. पण अर्धी गाडी आणून खाणार काय?"

"अर्धीच," साळवे म्हणाला. "मोठं लावा."

"अरे विचार कर. घरी विचार."

"घरी विचारलं तर ती नको म्हणंल. म्हणून तर तिला सांगितलंच नाही अजून."

अंतोनने त्याच्याशी आणखी वाद घातला. मी घातला नाही. आयुष्यात पुष्कळ किटं निवडली, शेठ लोकांची, डॉक्टरांची, शूटिंगवाल्यांची. कुणी थंडी मोजून मागितली, कुणी दिखाव्यासाठी मागितली. पण आपली अर्धी गाडी रिकामी ठेवून डाव्या सीटपर्यंत थंडी मागणारा तेवढा एकच माणूस भेटला.

मग आम्ही त्या केबिनच्या मागेच लागलो. लाकडी तळाच्या फटींत कापूस आणि डांबर भरलं, त्यावर काथ्याची जाड चटई आणि वरून रबर. सायलेन्सरच्या पाईपाला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली. तेव्हा सगळे तीच वापरायचे. टपाला आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला, बाहेरून पांढरा रंग दिला. निळ्या ट्रकचं पांढरं टप बघून गल्लीतले लोक म्हणायचे, म्हातारीने टोपी घातली. दारांना आणि काचांना नवीन रबर बसवलं. पेटी मध्ये टांगली आणि तिच्या चारपैकी तीन झडपा डावीकडे वळवल्या. उजवीकडच्या रेघेला एकच झडप राहिली. साळवेने तीही अर्धी बंद करायला सांगितली. अंतोनने ऐकलं नाही. ड्रायव्हर तापला तर गाडी कोण चालवणार, असं म्हणून त्याने साळवेला गप्प केलं.

शेवटची चाचणी मे महिन्यात झाली. अर्धी गाडी विटा मागे भरलेल्याच होत्या, एका तक्रारखोर इमारतवाल्याने परत पाठवलेल्या. त्या भट्टीवर परत न्यायच्या होत्या. अंतोनच्या छातीत त्या दिवसांत दुखायचं, त्यामुळे मी एकटाच गेलो. कांदिवलीला साळवेच्या चाळीसमोर ट्रक उभा केला, इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद. आत गारवा भरला की मगच तिला बोलवायचं असं ठरलं होतं.

कौसल्याबाई छत्री घेऊन आल्या. बारीक, सावळ्या, केस पांढरे व्हायला लागलेले. खांद्यावर ओला पंचा. ट्रकभोवती माणसं जमली होती. कौसल्याबाईंनी पांढऱ्या टपाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"लोक गाडीला हार घालतात, ह्यांनी टोपी घातली. आणि एवढं सगळं कुणासाठी?"

"चल, बस," साळवे म्हणाला.

"कुठं बसू? डॉक्टर काय म्हणालेत इसरलात का?"

"बस म्हणतो ना."

त्याने दार उघडलं आणि आतली थंडी बाहेर आली. कौसल्याबाई पायरीवर पाय ठेवून तशाच थांबल्या. तोंडावर वारा घेतला. मग वर चढल्या आणि आपल्या जागी बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. खांद्यावरचा ओला पंचा काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला.

साळवे मला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही बी पुढंच बसा." मी नको म्हटलं. मला बाहेरून इंजिनाचा आणि पट्ट्याचा आवाज ऐकायचा होता, आणि इंजिन किती तापतं ते चढ संपल्यावर झाकण उघडून बघायचं होतं. चढ संपला की टपावर दोन थापा मारेन, तेव्हा गाडी थांबवा, असं सांगून मी मागे विटांवर चढलो. डोक्याला टॉवेल बांधला.

हायवेला लागलो, दहिसर गेलं, मग घोडबंदरकडे वळलो. त्या काळी तो रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी आणि मध्ये कुठेतरी एखादं घर. विटा इतक्या तापल्या होत्या की मी उकिडवा बसलो होतो. केबिनच्या मागच्या छोट्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. ती बोलत होती. हात खिडकीकडे, मग समोर, मग डोंगराकडे. काही तरी दाखवत होती, सांगत होती, मध्येच कपाळाला हात लावून हसत होती. साळवेचं डोकं तिच्या बाजूला कललेलं. काचा इतक्या घट्ट बसल्या होत्या की मला बाहेर तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

गायमुखचा चढ लागला. इंजिन कण्हलं, पण चढलं. एसी बंद पडला नाही, पट्टा घसरला नाही. चढ संपला तसा मी टपावर थापा मारल्या. गाडी थांबली नाही. पुन्हा मारल्या. आत तिचं बोलणं चालूच होतं. टपाला आतून आम्हीच नमदा चिकटवला होता, आवाज आत जाणार कुठून? तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला. म्हटलं, जाऊ दे. इंजिन तापायचं असेल तर तापू दे.

ठाण्याच्या बाजूला पुष्कळ पुढे गेल्यावर एका चहाच्या टपरीपाशी ट्रक थांबला. साळवे उतरला, मागे बघितलं आणि जागीच उभा राहिला. डावीकडून कौसल्याबाई डोकावल्या.

"अगं बया! मिस्त्री मागंच होते!"

"म्हणजे काय, त्यांना तिथंच बसवलं होतं की," साळवे म्हणाला. पण तो विसरला होता. त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"हाक मारायची नाही का भाऊ?"

"मारली होती वयनी. रबर चांगलं बसलंय," मी म्हटलं.

झाकण उघडलं, इंजिन बघितलं. गरम होतं, पण चालण्यासारखं. चहा झाला. कौसल्याबाईंनी चहा आतच घेतला, काच जराशी खाली करून. निघायची वेळ झाली तेव्हा साळवेने डावीकडचं दार उघडलं आणि मला हाताला धरून पुढे नेलं. "आता पुढं बसा. मी तुम्हाला मागं बसू देणार नाही." कौसल्याबाई आधीच सरकल्या होत्या, नवऱ्याच्या बाजूला. सीटवर मला पुरेशी जागा होती.

मी नको म्हणालो. त्याने आग्रह केला. तेव्हा मी त्याला सांगितलं की तिसरं माणूस आत बसलं की त्याच्या अंगाची गरमी आत वाढते, आणि हे किट दोघांपुरतंच पुरणारं आहे. हे खोटं नव्हतं. पण तेवढ्यासाठीच मी बाहेर थांबलो असंही नाही. मी पुन्हा विटांवर चढलो आणि या वेळी काचेकडे पाठ करून बसलो, कारण बघवेना. भिवंडी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर आमची ओसरी होती आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली सुशीला.

आमच्या गावच्या माणसांनी रजा मागायची तर कारणं ठरलेली. आई आजारी, लावणी आली, देवाचं कार्य निघालं. ते खरं असो नसो, घरात बायको आहे असं कधी कुणी मालकाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या मी अंतोनकडे रजा मागितली.

"आता? मे महिन्यात? तीन गाड्या रांगेत आहेत," तो म्हणाला. "गणपती नाही, शिमगा नाही. आई बरी आहे ना तुझी?"

"आई बरी आहे."

"मग कशाला?"

"बायकोच्या शेजारी बसायला," मी म्हटलं.